पेपरच्या दिवशीची होडी

मार्च लागला की मला डिझेलचा वास येतो. बाकीच्यांना आंब्याच्या मोहराचा येतो, पाड्यापाड्यांवर अंगणात वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांचा येतो. आमच्या शाळेतल्या नव्या मॅडमना बोर्डाच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांचा येतो म्हणे. मला मात्र डिझेलचा, आणि त्यात मिसळलेला थोडासा मेणाचा. परवा दहावीच्या वर्गात हॉल तिकिटं वाटत होते. खिडकीबाहेर साधी सायकलसुद्धा नव्हती, तरी आला. मी दोन मिनिटं टेबलाला टेकून उभी राहिले. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "तू तुझा बैठक क्रमांक बघ आधी."

मी जव्हारची. वडिलांचं कापडाचं दुकान, घर बाजारातच, आणि पाण्याशी संबंध म्हणाल तर नळाला आलं की भरून ठेवायचं इतकाच. पोहता येत नाही. संध्याकाळी शिरपामाळावर जाऊन दरीकडे बघायलासुद्धा मी दोन पावलं मागेच उभी राहणार. अशा बाईला पहिली नेमणूक मिळाली ती मोखाडा तालुक्यात, धरणाच्या पलीकडच्या काठावर. चौफेर डोंगर, मध्ये वैतरणेचं अडवलेलं पाणी, आणि त्या पाण्यावर एकच इंजिनाची होडी. रस्ता होता, पण तो सगळ्या धरणाला वळसा घालून, जागोजागी उखडलेला. दिवसातून एकदा एसटी यायची, म्हणजे यायची झाली तर.

होडी नवसूबाबाची. नवसूबाबा साठीचा, सडपातळ, कानांवर पांढरे केस, आणि गाल असे की गप्प बसलेला असला तरी तोंडात काहीतरी धरलंय असं वाटावं. ते गाल तारप्यानं झालेले. भाताची कापणी झाली की आसपासच्या पाड्यांवर तारपा वाजवायला त्यालाच बोलावत. सुकवलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि खाली ताडाच्या पानांचा कर्णा, असं ते हातभर लांबीचं वाद्य. जोडाच्या प्रत्येक ठिकाणी मधमाश्यांचं मेण. तो तासन् तास वाजवायचा आणि आवाज मध्ये तुटायचा नाही. नाकानं श्वास घ्यायचा, गालात साठवायचा आणि सोडत राहायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझाच जीव गुदमरला होता.

होडी त्याच्याहून जुनी असावी. कधीकाळी वसईकडे समुद्रात मासेमारी केलेली, तिथं म्हातारी झाल्यावर ट्रकवर घालून घाट चढवून आणलेली. आमच्या मुलांपैकी कुणी समुद्र पाहिला नव्हता, पण त्यांच्या होडीनं पाहिला होता, याचा त्यांना फार अभिमान. इंजिन मात्र शेताला पाणी ओढायचं, एका सिलिंडरचं, हँडल मारून सुरू करायचं. त्याची टुकटुक पाण्यावरून इतकी लांब जायची की शाळेत फळ्यावर गणित सोडवताना मला कळायचं, बाबा आता पल्याड पोचला असेल.

त्या वर्षी दहावीचा पहिला पेपर नेमका शिमग्याच्या दिवसांत आला. खरं म्हणजे आदल्या दिवशीच मुलांना घेऊन केंद्राच्या गावी मुक्कामाला जायचं ठरलं होतं. पण शिमगा म्हणजे आमच्याकडे वर्षाचा सण. भिवंडीच्या, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर गेलेली माणसं चार महिन्यांनी त्याच वेळी घरी परततात. सातही मुलांचे आईबाप आदल्या दिवशी येणार होते. मुलं मान खाली घालून पेटीत पुस्तकं भरत राहिली. मग मीच म्हटलं, "जा घरी. सकाळी साडेआठला धक्क्यावर या." माझ्या नोकरीतला तो सगळ्यात धाडसी निर्णय असावा, आणि तो मी तीन मिनिटांत घेतला.

पेटी माझी. आईनं दिलेली, पत्र्याची, हिरव्या रंगाची, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारलेली. तिच्यात सराव प्रश्नसंच, जादा पेनं, कंपासपेट्या, तांदूळ, मसूर आणि चार चादरी. सकाळी साडेआठला ती दोघांनी उचलून होडीत आणली. नवसूबाबा म्हणाला, "पेटी म्होरं ठेव, बाय. मागं इंजनाला अडचन व्हते."

पुढं पाणी उडतं. पुस्तकं भिजतील. मी पेटी मागं इंजिनाशेजारी सरकवली, आणि नीट बसेना म्हणून पायानं एक जोर दिला. बाबा माझ्याकडे बघत होता. मास्तरीणबाईला दोनदा सांगायची त्याच्याकडे पद्धत नव्हती.

त्या सकाळचं पाणी अजून डोळ्यांसमोर आहे. मार्चमध्ये धरण उतरायला लागतं. काठाला गाळाचे पट्टे दिसू लागतात, आणि पाण्याखाली गेलेल्या जुन्या सागांची खोडं हळूहळू डोकं वर काढतात. काळी, टोकदार. वर एखादा पाणकावळा पंख पसरून बसलेला. मुलं अर्धी रात्र जागलेली, कपाळांवर होळीची राख, आणि तरी गणवेश इस्त्री केल्यासारखे. उशीखाली घालून झोपायचं ही त्यांची इस्त्री. मुली तिघी, मुलगे चौघे. मुलींच्या दोन-दोन वेण्या आणि लाल रिबिनी.

त्यातली जयवंती इंजिनापाशी बसली होती. आदल्या वर्षीच तिची दहावी व्हायची, पण ऐन परीक्षेत ती भट्टीवर होती, धाकट्या तीन भावंडांना सांभाळत. या वर्षी एकटी परत आली. बापानं सांगितलं होतं, "या टायमाला बस. नाय झाला तर चल संगती भट्टीवर." तो वाईट माणूस नव्हता. त्याला दोन हात कमी पडत होते, एवढंच. एक पेपर बुडाला तरी त्याच्या हिशेबी परीक्षा बुडाली, आणि बोर्डाच्याही हिशेबी फारसं वेगळं नव्हतं. साडेदहाला केंद्राचं फाटक बंद होणार. होडीचा पाऊण तास, मग पल्याडच्या धक्क्यावरून जीपनं अर्धा तास. वेळ भरपूर होता.

अर्ध्या पाण्यात इंजिन खोकलं. एकदा, दोनदा, मग टुकटुक लांब-लांब होत गेली आणि थांबली.

इंजिन चालू असताना आपण किती आवाजात बसलोय हे कळत नाही. ते बंद पडलं आणि सगळं एकदम ऐकू यायला लागलं. होडीच्या फळ्यांचं करकरणं, पोटाखालचं पाणी, कुणाच्या तरी कंपासपेटीतला खडखडाट. मी उभी राहिले. मोबाइल वर धरून रेंज शोधायला लागले. रेंज त्या पाण्यावर कधीच नव्हती, हे मला दोन वर्षं माहीत होतं. होडी डुलली. "बस, बाय," बाबा म्हणाला. मी बसले.

त्यानं हँडल मारलं. इंजिन फुस्स झालं. पुन्हा मारलं. पुन्हा फुस्स. "हवा खाल्ली यानं," तो म्हणाला. डिझेलच्या नळीत कुठूनतरी हवा शिरली, आणि इंजिनाला डिझेलऐवजी तीच मिळायला लागली. हे आज मी शहाण्यासारखं लिहितेय. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की वारा आम्हाला त्या सागाच्या खोडांकडे ढकलतोय, आणि होडीच्या फळ्या माझ्या आजोबांच्या वयाच्या आहेत.

आणि मी बोलले. आज लिहितानाही कान गरम होतात. सात मुलांसमोर, माझ्या दुप्पट वयाच्या माणसाला मी म्हणाले, "बाबा, आज पेपर आहे हे तुम्हाला ठाऊक होतं ना? काल इंजिन तपासायला काय झालं होतं? शिमग्यात राहिलं असेल!"

नवसूबाबानं वर पाहिलं नाही. "माझा चुकला, बाय," एवढंच म्हणाला. मग मुलांकडे वळला. "दोघं वल्ह्यावर बसा. दोघं बांबू घ्या, खोडाला लावून ढकला. होडी लागू द्यायची नाय. हाताची घाई नाय करायची."

चौघे मुलगे लगेच जागेवर गेले. जिथं ओरडण्यापलीकडे मला काही सुचत नव्हतं, तिथं त्यानं दोन वाक्यांत प्रत्येकाच्या हाताला काम दिलं. माणूस घाबरतो तो हात रिकामे असले की, हे मी बी.एड.ला शिकले नव्हते.

मग त्यानं पेटी स्वतः उचलून पुढं नेली. डब्यातून इंजिनाकडे जाणारी प्लास्टिकची नळी दोन्हीकडून सोडवली. जुनी, पिवळी पडलेली, कडक. तिच्याशी थोडा वेळ पाठमोरा काहीतरी करत बसला. मग एक टोक जयवंतीच्या हातात दिलं. "आंगठ्यानं दाबून धर." दुसरं टोक स्वतःच्या तोंडात घातलं.

आणि तो फुंकायला लागला. मध्ये न थांबता, गाल फुगवून, नाकानं श्वास घेत. दोन्ही हातांची बोटं नळीवरून फिरत होती, एकेक इंच दाबत, सोडत. बारीक शीळ ऐकू येत होती. बोटं पुढं सरकत होती आणि शीळ तशीच चालू. मुलं वल्ही मारायची थांबून बघायला लागली. नळी वाजवतोय की काय, असंच वाटत होतं. मग एका ठिकाणी बोट पडलं आणि शीळ बंद झाली. बोट उचललं, शीळ आली. ठेवलं, गेली. बाबानं तोंडातली नळी काढली, पाण्यात थुंकला, आणि पहिल्यांदा हसला. "हा बघ, इथं बोलतो."

दोनशे वर्षं कारखान्यात तपासलं असतं तरी इतक्या प्रेमानं कुणी भोक शोधलं नसतं.

कमरेच्या कापडी पिशवीत तंबाखू, चुना आणि मेणाची गोळी. तारप्याचे दिवस दिवाळीच्या आसपासचे, पण मेण वर्षभर कमरेलाच. गोळी सकाळच्या गारव्यात दगड झाली होती. त्यानं ती इंजिनाच्या गरम डोक्यावर क्षणभर ठेवली, बोटांत मळली, चिरेवर दाबून बसवली, वर अंगठा फिरवला. "याला बांधायला पायजे. बारीक, घट्ट."

मी रुमाल पुढं केला. त्यानं नाही म्हणून मान हलवली, जाड होता. जयवंतीनं काही न विचारता डाव्या वेणीची रिबीन सोडली. लाल, गुळगुळीत, पातळ रिबीन. बाबानं ती मेणावरून अशी आवळत नेली की नळीवर जणू ती आधीपासूनच होती. मेण डिझेलमध्ये फार वेळ टिकत नाही, तासभर टिकलं तरी पुरे, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता.

नळी जोडली. इंजिनाचा छोटा स्क्रू ढिला केला. त्यातून फसफस करत फेस आला, मग फेस कमी झाला, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला. हँडलवर हात ठेवून त्यानं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं असेल, मी विचारलं नाही. पहिल्या दोन वेळा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी टुक झालं. मग टुकटुक. मुलांनी इतक्या जोरात आरडाओरडा केला की पाणकावळा उडाला.

पुढचा अर्धा तास तो इंजिनाकडे तोंड करून बसला, एक हात सुकाणूवर, दुसऱ्याची दोन बोटं त्या लाल गाठीवर. मेण मऊ व्हायला लागलं की तो हलकेच दाबायचा. मी समोर बसून त्या बोटांकडे बघत होते. मुलं एकमेकांना निबंधाचे विषय विचारत होती. मला वाटलं, या माणसाच्या दोन बोटांवर आज सात जणांची दहावी उभी आहे, आणि तो त्याचा जराही गाजावाजा करत नाहीये. माझ्या पाहण्यातला तो सगळ्यात मोठा कारागीर. हे मी तेव्हा त्याला सांगायला हवं होतं.

पल्याड जीप थांबलेली. एरवी पाच मिनिटं उशीर झाला तर निघून जाणारा ड्रायव्हर. म्हणाला, "मधीच आवाज बंद पडला ना, तवाच कळला. मंग परत सुरू व्हईस्तवर थांबलो." साडेदहाला पाच मिनिटं होती तेव्हा आम्ही फाटकाशी उतरलो. मुलांच्या हातांना डिझेल, गणवेशांना पाणी. जयवंतीची एक वेणी रिबिनीची आणि दुसरी सुतळीनं बांधलेली. मी माझी नेहमीची सूचना दिली. घाबरू नका, आधी येतं ते लिहा, चुकलं तर एक सरळ रेघ मारून पुढं जा.

मुलं आत गेली आणि मी बाहेर चिंचेखाली पेटीवर बसले. तीन तास होते. उन्हानं पत्रा तापला म्हणून उठले, पेटी सावलीत ओढायला वाकले, आणि कोपऱ्याच्या लोखंडी पट्टीत काहीतरी अडकलेलं दिसलं. नखाच्या कडेएवढा पापुद्रा. पिवळा, कडक, प्लास्टिकचा. वास घ्यायची गरज नव्हती, तरी घेतला.

पायानं दिलेला तो एक जोर. मी पुन्हा पेटीवर बसले. त्या तीन तासांत मी स्वतःला जितकं बोलले तितकं कुठल्या नापास मुलालाही बोलले नसेन. पेपर सुटला की मुलांना सांगायचं ठरवलं. पेपर सुटला, मुलं हसत बाहेर आली, सोपा होता म्हणाली, पुढच्या पेपरचं बोलायला लागली. म्हटलं, आत्ता नको, त्यांचं लक्ष जाईल. परीक्षा संपल्यावर सांगू. परीक्षा संपली. परतीच्या दिवशी होडीला नवीकोरी नळी होती आणि बाबा खुशीत होता. म्हटलं, आत्ता कशाला. नंतर निकाल लागला, सातही पास झाली. मग माझी जव्हारला बदली आली. चूक कबूल करायला चांगला मुहूर्त शोधत बसलं की तो कधीच सापडत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. वर्गात मात्र मी प्रामाणिकपणावर धडे देत राहिले. पेटी घरी माळ्यावर गेली. दर मार्चमध्ये डिझेलचा वास येत राहिला.

या वर्षीच्या मार्चमध्ये जयवंती आली. ती आता आरोग्य केंद्रात नर्स आहे, साखरशेतकडच्या पाड्यांवर लसी टोचत हिंडते, स्कूटी चालवते. कामासाठी जव्हारला आली की घरी डोकावते. चहा घेताना हॉल तिकिटांचा विषय निघाला, आणि मी एकदम बोलून टाकलं. पेटीचं, पट्टीत अडकलेल्या तुकड्याचं, सगळं.

ती शांतपणे बशीत चहा ओतत होती. "मला ठाऊक होतं, मॅडम."

"म्हणजे?"

"नळी मीच धरली होती ना. बाबानं सोडवली तेव्हा तिच्यावर हिरवा रंग लागला होता, तुमच्या पेटीचा. त्यानं तो आधी नखानं खरवडून काढला, मग सगळ्यांसमोर नळी धरली. मी बघितलं ते त्यालाही कळलं. हळूच म्हणाला, 'मास्तरीणबायचं नाव नको घेऊ. होडीवरचा भरवसा गेला तरी चालंल. आज पोरांना तिच्यावरचा लागंल.'"

फाटकाशी मी सूचना देत होते तेव्हा सात तोंडं माझ्याकडे कशी बघत होती ते आठवलं. त्या तोंडांवरचा विश्वास माझा नव्हता, तो कुणीतरी नखानं रंग खरवडून माझ्यासाठी राखून ठेवला होता. रडू आलं. जयवंतीनं तिकडे लक्ष दिलं नाही, बिस्किटं संपवली.

त्या रविवारी मी बाबाकडे गेले. आता पलीकडचा रस्ता बऱ्यापैकी झालाय, मुलं जीपनंच येतात. होडी काठावर उपडी पडली आहे, पोटावर गवत उगवलंय. इंजिन मात्र बाबानं काढून शेतावर बसवलंय. उतरत्या पाण्याच्या कडेनं त्याच्या मुलानं मोगरा लावलाय, त्याला पाणी ओढतं. लांबूनच टुकटुक ऐकू आली आणि माझी पावलं आपोआप झपाझप पडायला लागली.

नवसूबाबा इंजिनाशेजारी दगडावर बसला होता. फार वाळलाय. ऐकायला कमी येतं. मला ओळखायला त्याला वेळ लागला, मग "जव्हारची बाय" म्हणाला आणि बसायला जागा करून दिली. मी त्याच्या कानाशी वाकून, इंजिनाच्या वरताण आवाजात ओरडले, "बाबा, त्या दिवशी नळी माझ्या पेटीनं फुटली होती. माझी चूक होती. मी तुम्हाला बोलले."

"कंची नळी?"

"होडीची. पेपरच्या दिवशी. तुम्ही मेण लावलंत, रिबीन बांधलीत."

तो विचारात पडला. त्याला खरंच आठवत नव्हतं, की अजूनही तो मला झाकत होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पाण्याच्या पाटाकडे बघत त्यानं मला एवढंच विचारलं, "पोरां येळेवर पोचली व्हती ना?"

"पोचली, बाबा. सगळी पोचली."

"मंग झाला तर," तो म्हणाला, आणि इंजिनाला येणाऱ्या नळीवर सवयीनं दोन बोटं ठेवून बसला.